इलेक्ट्रॉनच्या जोडीने धावलं तर चुंबकीय बल जातं कुठे?

अडकलेला_एसवाय:
एसवाय बीएस्सीला आहे. तासाला विचारलं तर "पुढच्या वर्षी कळेल" असं उत्तर मिळालं, म्हणून इथे. तारेतून धारा वाहतेय. बाहेर, तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्याच दिशेने आणि त्यांच्याच वेगाने एक सुटा इलेक्ट्रॉन चाललाय. क्यू व्ही क्रॉस बी (प्रभार, वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यावरून बल काढायचं सूत्र) लावलं की बल तारेकडे येतं, ठीक. पण मीही त्याच्या जोडीने धावलो तर माझ्या लेखी व्ही शून्य, म्हणजे बल शून्य. मी धावलो म्हणून तो तारेकडे वळायचा थोडाच थांबणार! चुकतंय कुठे?

जुना_प्रॅक्टिकलवाला:
अरे, चुकत काहीच नाही, तू अर्धंच मोजलंस. पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसलायस असं समज. शेजारच्या रुळावरची गाडी तुझ्याच वेगाने निघाली की थांबल्यासारखी दिसते, आणि खांब मागे पळतात. ती गाडी म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन, खांब म्हणजे तांब्याचे धन आयन. आता सापेक्षता आण: धावती वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड दिसते. पळणाऱ्या खांबांमधलं अंतर तुला किंचित कमी दिसणार, थांबलेल्या इलेक्ट्रॉनांमधलं किंचित जास्त. म्हणजे तुझ्या लेखी तार धनप्रभारित! तुझा इलेक्ट्रॉन ओढला जातो तो विद्युतक्षेत्रामुळे.

किंचित म्हणजे किती, तेही बघ. १ चौरस मिमी तांब्याच्या तारेत १ अँपिअर असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिमी सरकतात. मुंगी पुढे जाईल. त्या वेगाचं आकुंचन म्हणजे दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं. तरी ते जाणवतं, कारण तसल्या १ मीटर तारेत फिरत्या इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे १३,६०० कूलॉम असतो. एवढ्या वजाबाकीत केसाएवढा फरक राहिला तरी पुरतो.

कट्टा_कोथरूड:
म्हणजे चुंबकीय क्षेत्र ही नुसती माया?

जुना_प्रॅक्टिकलवाला:
माया कसली! आयन मागे पळतायत, तीही धाराच. तू स्थिर इलेक्ट्रॉन घेतलास म्हणून तिचं बल त्याला लागत नाही, इतकंच. या तारेभोवतीचं बी तू कितीही वेगाने धावलास तरी शून्य होत नाही. ई वर्ग वजा सी वर्ग बी वर्ग (ई म्हणजे विद्युतक्षेत्र, सी म्हणजे प्रकाशाचा वेग) हे सगळ्यांना सारखंच येतं, आणि तारेजवळ उभ्या माणसाला ई शून्य, म्हणून ते ऋण मिळतं. बी शून्य केलंस तर ऋण आणणार कुठून? आइनस्टाइनच्या १९०५ च्या निबंधाची सुरुवातही याच जातीच्या कोड्याने आहे: चुंबक हलवा नाहीतर वाहक, धारा तीच, स्पष्टीकरणं मात्र दोन.

आणि हे कागदावर ठेवू नकोस. पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सेल होल्डर आणि तार आण. होकायंत्राच्या १ सेंमी वर तार दक्षिणोत्तर धर. २ अँपिअरला तिथे ४० मायक्रोटेस्ला मिळतात, पृथ्वीचं क्षेत्रही आपल्याकडे साधारण तेवढंच. सुई ४५ अंशांच्या आसपास वळायला हवी. सेकंद-दोन सेकंदच जोड, सेल तापतो. आणि ट्रान्सफॉर्मरचा एसी लावू नकोस. मी पहिल्याच वर्षी लावला होता. सुई ढिम्म, आणि मी अर्धा तास होकायंत्राला शिव्या घालत होतो. सेकंदाला शंभरदा दिशा बदलली तर ती बिचारी वळणार कुणीकडे?

अडकलेला_एसवाय:
केलं. सुई वळली, पण साठच्या पुढे गेली. आईच्या शिलाई मशीनवर ठेवलं होतं.

जुना_प्रॅक्टिकलवाला:
बिडाच्या मशीनवर? लोखंडाजवळ पृथ्वीचं क्षेत्रच बिघडतं. गच्चीत जा. आणि टाकीच्या लोखंडी स्टँडपासून लांब बस.