मानधन, पगार, खाडा : कामाच्या पैशाचे शब्द

गेल्या महिन्यात मावशीबरोबर बँकेत गेले होते. केवायसीचा फॉर्म भरायचा होता. 'व्यवसाय' या रकान्यापुढे चौकोन होते : सरकारी नोकरी, खासगी नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, इतर. मावशी एकोणतीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. तिचं पेन 'सरकारी नोकरी'पाशी गेलं आणि थांबलं. तिनं काउंटरवर विचारलं. पलीकडून प्रश्न आला, "पगाराची स्लिप आहे?" मावशी म्हणाली, "मानधन येतं." "मग 'इतर'वर टिक करा."

तिनं केली. मला मात्र तो शब्द घरापर्यंत पुरला, म्हणून इथे मांडते आहे. 'मानधन' हा शब्द मराठीत नेमका कशासाठी आहे?

माझ्या कानाला मानधन म्हणजे व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याच्या हातात पाकिटातून ठेवतात ते. दिवाळी अंकाच्या लेखकाला देतात ते. वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाला शाल, नारळ आणि मानधन. माणसाचं पोट त्या कामावर नसतं आणि त्या तासाभराचं मोल ठरवणं कुणालाच प्रशस्त वाटत नाही, म्हणून मान राखायला दिलेलं धन.

मावशीचा दिवस सांगते. सकाळी अंगणवाडी उघडायची, पोरं गोळा करायची, मदतनिसाबरोबर गरम आहार वाटायचा. वजनकाटा, उंची, दंडाचा घेर. सॅम आणि मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित पोरांची वेगळी यादी. गरोदर बायकांच्या गृहभेटी. लसीकरणाच्या दिवशी घराघरांतून आयांना बोलावून आणायचं. मग सगळं मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर ॲपवर चढवायचं; गावात रेंज देवळाच्या पायरीवर येते, तर संध्याकाळी त्या पायरीवर बसून. अंगणवाडीची ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं उलटली. पन्नास वर्षं रोज चालणाऱ्या कामाच्या पैशाला पाहुण्याच्या पाकिटाचं नाव आहे.

शासकीय मराठीत हा शब्द फार लांबवर पसरलाय. सेविका, मदतनीस, पोलीस पाटील, ग्रामरोजगार सेवक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, सगळे 'मानधनी'. आशांना कामागणिक 'मोबदला'. आणखी एक गोष्ट जाणवली. 'सेवा' या शब्दाचे दोन भाग झालेत. लोकसेवा आयोगातून जो 'सेवेत' येतो त्याला वेतनश्रेणी, सेवापुस्तक, सेवानिवृत्ती मिळते. जिच्या पदाच्या नावातच 'सेविका' आहे तिला यातलं सेवापुस्तकसुद्धा नाही. जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद

संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही आहे : मान हेच ज्याचं धन आहे असा माणूस. म्हणजे शब्द पैशाचा नव्हता, माणसाचं विशेषण होता. भारवीच्या 'किरातार्जुनीया'च्या पहिल्या सर्गात वनेचर, म्हणजे रानात राहणारा हेर, युधिष्ठिराला दुर्योधनाच्या कारभाराची बातमी देतो. तिथं दुर्योधनाच्या धनुर्धरांचं वर्णन आहे : 'महौजसो मानधना धनार्चिताः'. मोठे पराक्रमी, मान हेच धन मानणारे, आणि धनानं सत्कारलेले. दोन शब्द शेजारीशेजारी आहेत हे बघा. मान जपणाऱ्या माणसांना राजानं धनही भरपूर दिलं होतं, म्हणून ती त्याच्यासाठी प्राण द्यायला तयार होती. हेर ही गोष्ट शत्रूच्या चांगल्या कारभाराची खूण म्हणून सांगतोय. मराठीत मात्र समास फिरला : 'मानासाठी दिलेलं धन'. 'धनार्चिताः' तेवढं गळालं.

प्रतिसाद

ताई, मी शिक्षणसेवक होतो. महाराष्ट्रात ही पद्धत २००० साली आली. मी लागलो तेव्हा प्राथमिकला दरमहा ३,००० रुपये मानधन होतं. तीन वर्षं तेच काम, तोच वर्ग, तोच खडू. शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना पगार आणि मला मानधन. स्टाफरूममध्ये एक तारखेला सगळे 'पगार झाला का' म्हणायचे, तेव्हा मी गप्प बसायचो. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागली आणि एका कागदानं माझ्या पैशाचं नाव बदललं. शिकवणं तेच होतं. आता २०२३ पासून प्राथमिकला १६,००० मिळतात, पण नाव अजून मानधनच.

एक भर घालतो. 'नोकरी' आणि 'काम' यांची क्रियापदं वेगळी आहेत. नोकरी 'लागते', काम 'मिळतं'. पाऊस लागतो, नाद लागतो, तशी नोकरी एकदा लागली की लागली. म्हणून 'पोरगा सरकारीत चिकटला' म्हणतात. गवंड्याच्या हाताखाली गेलेल्या पोराला आमच्याकडे कुणी 'चिकटला' म्हणत नाही. 'कामावर जातोय' म्हणतात. उद्याचं कुणी बोलत नाही.

उत्तर (मूळ लेखिका)

दोघांचेही मनापासून आभार. भारवीचा दाखला मी वहीत उतरवून घेतला.

हा शब्द सर्वोच्च न्यायालयातही चर्चेला आलेला आहे. २००६ मध्ये कर्नाटकच्या एका प्रकरणात न्यायालयानं म्हटलं होतं की अंगणवाडी सेविका 'मुलकी पद' धारण करत नाहीत. म्हणजे सरकारी नोकर नाहीत. पुढे गुजरातमधल्या सेविकांनी ग्रॅच्युइटी मागितली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला वेतन नाही, मानधन मिळतं, आणि ग्रॅच्युइटी वेतनावर असते. २५ एप्रिल २०२२ ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी निकाल दिला. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात वेतनाची व्याख्या होती : कामावर असताना किंवा रजेवर असताना कर्मचाऱ्यानं कमावलेली रक्कम. मानधन त्या व्याख्येत बसतं, म्हणून ते वेतनच, असं त्यांनी ठरवलं. या बायकांवर टाकलेली कामं बघता हे अर्धवेळ काम आहे असं म्हणताच येणार नाही, हेही निकालात आहे.

वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या बाईच्या म्हातारपणीचे पैसे एका शब्दावर अडले होते. 'शब्दात काय आहे' असं मला कुणी म्हणालं की मी हा निकाल पुढे करते.

प्रतिसाद

गोड शब्दाखाली सरकारी काम फुकटात करून घेण्याची आपल्याकडची जुनी गोष्ट 'वतन' या शब्दात आहे. वतनदार म्हटलं की देशमुख, पाटील डोळ्यापुढे येतात, रुबाब येतो. महार वतनातही तोच शब्द होता. पण त्याखाली काय होतं? सांगावे पोचवायचे, वसुलीच्या वेळी राबायचं, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला हजर राहायचं. रात्र नाही, दिवस नाही, घरातलं जे माणूस असेल त्यानं. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. सरकारचं काम करणाऱ्याला सरकारनं पैशात, ठरलेलं, चोख द्यावं, हा त्यांचा आग्रह होता. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. माझे पणजोबा हे काम करायचे. आमच्या घरात 'वतन' हा शब्द अभिमानानं कुणी उच्चारला नाही.

उत्तर (मूळ लेखिका)

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुमच्या पणजोबांच्या कामाला कागदोपत्री 'सेवा'च म्हणत असणार.

आता उलट्या बाजूनं एक शब्द मांडते. 'मोलकरीण' आज कमीपणाचा वाटतो, म्हणून आपण 'कामवाल्या ताई', 'मावशी' म्हणतो. खरं तर मूल्य, मोल, मोलमजुरी, मोलकरीण हा सरळ वंश आहे. मोल घेऊन काम करणारी. कष्टाला किंमत आहे हे त्या शब्दात उघड लिहिलेलं आहे, आणि तोच आपल्याला तोंडात घ्यायला नको वाटतो. २००८ च्या कायद्याच्या नावात 'घरेलू कामगार' आहे. 'घरेलू' हिंदीतून आला. 'घरकामगार' मराठीत चांगला रुळलाय, तोच वापरावा असं मला वाटतं.

आणि 'खाडा'. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरातल्या दाराच्या मागं कालनिर्णय टांगलेलं असे. त्यावर आई पेन्सिलीनं दोन खुणा करायची. दूध जास्त घेतलं की आकडा, आणि भांडीवाल्या काकू आल्या नाहीत की बारीक 'खा'. महिनाअखेरीला आई 'खा' मोजायची. बाबा पाटबंधारे खात्यात होते. ते घरी राहिले की आई म्हणायची, "ह्यांनी आज रजा टाकलीय." काकूंच्या मुलीला ताप आला तर "आज काकूंचा खाडा." त्या कॅलेंडरवर बाबांच्या रजेची खूण कधीच नव्हती, कारण ती मोजायची गरज नव्हती. रजा हा अरबी शब्द, अर्थ संमती. कुणीतरी 'हो' म्हणतं आणि पैसे चालू राहतात. खाड्याला 'हो' म्हणणारं कुणी नसतं. मोठी झाल्यावर आईशी याबद्दल बोलले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढच्या महिन्यापासून चार दिवस भरपगारी. ते तिनं शेवटपर्यंत पाळलं.

प्रतिसाद

खाडा गिरणीतही होता! माझे वडील परळला गिरणीत 'बदली' होते. सरकारी माणसाची 'बदली' होते म्हणजे तो गाव बदलतो, पगार त्याच्याबरोबर जातो. गिरणीतला माणूस स्वतःच 'बदली' असे. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या साच्यावर आपला नंबर, नाहीतर परत खोलीवर. शेजारच्याचा खाडा ही आमच्या घरची कमाई. वडील म्हणायचे, कुणी आजारी पडावं असं मनात येतं त्याची लाज वाटते.

जाता जाता : 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द मला पटत नाही. मराठीत गप्पा अनौपचारिक असतात, समारंभ अनौपचारिक असतो. नाक्यावर थापी-घमेलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय अनौपचारिक आहे? केनियात अशा कामाला स्वाहिलीत 'जुआ काली' म्हणतात, म्हणजे कडक ऊन. आपल्याकडे 'हातावरचं पोट' आहे, तेवढंच नेमकं.

उत्तर (मूळ लेखिका)

पटलं. 'असंघटित'चीही तीच गत. सेविकांच्या संघटना इतक्या घट्ट आहेत की डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यभर त्यांचा संप चालला. तरी त्यांची मोजणी असंघटितांत होते. चांगलं उदाहरण हवं असेल तर 'माथाडी'. माथ्यावर ओझं वाहणारा, इतकाच अर्थ होता. १९६९ च्या कायद्यात तो शब्द गेला आणि त्यामागून मंडळ, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आला. शब्द कष्टकऱ्याचाच राहिला, अर्थाला हक्क जोडला गेला.

मी भाषांतराचं काम करते. इथून पुढे सेविकांच्या बाबतीत, मूळ दस्तऐवजाचं नाव उद्धृत करायचं नसेल तिथे, मी 'वेतन' लिहिणार आहे.

काल मावशीला फोन केला होता. मागे दुसऱ्या गावची सेविका आलेली, दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. "तुझा पगार झाला का गं?" "नाही अजून. तुझा?" अर्ज लिहितानाच तेवढं त्या 'मानधन' लिहितात. बोलताना दोघींच्या तोंडून तो शब्द एकदाही आला नाही.