मदत हवी आहे: घरी बनवलेलं पेडल घूं करते, आणि डब्यावर लेझरनं नाव कोरायचं आहे

झाडीचा_गिटारवाला
राजेहो, लवकर सांगा. गिटारचा आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शनचं पेडल मीच बनवलं, मागच्या सीझनभर मस्त चाललं. आता लावलं की नुसतं घूंऽऽऽ. गिटार मागून मुंगीएवढी ऐकू येते. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपनीसोबत निघायचं आहे. दुसरं, डब्यावर लेझरनं 'गुरगुर' असं नाव पाहिजे. ब्रह्मपुरीकडे कोण करून देईल?

सोल्डरसम्राट
आयसी गेली. टीएल०७२ टाक, विषय संपला.

निवृत्त_रेडिओवाला
सम्राट, न पाहताच आयसी? गिटारवाले, सर्किट कोणतं? अ‍ॅडाप्टर कोणता? बायपासमध्येही, म्हणजे पेडल बंद ठेवून आवाज सरळ पुढे सोडला तरी, घूं येतो का? अ‍ॅडाप्टर राऊटरचा असेल तर आधी काढा. पेडलला बहुतेक मध्ये निगेटिव्ह लागतं, राऊटरच्या पिनेत सहसा मध्ये पॉझिटिव्ह असतं.

झाडीचा_गिटारवाला
अ‍ॅडाप्टर पेडलचाच आहे जी, ९ व्होल्ट. सर्किट नेटवरचं. एलईडी लागते.

धान_आणि_धून
आमच्याकडे मोटारींची लाइन आली की सगळ्या स्पीकरात असंच होते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाका आणि पाणी सोडा.

निवृत्त_रेडिओवाला
पेडलला खड्डा खणू नका. बायपासचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

पिक_नंबर_वन
घरगुती भानगडी सोडा, मल्टिइफेक्ट घ्या. ऐंशी आवाज एका डब्यात.

झाडीचा_गिटारवाला
भाऊ, एका नाइटचे किती भेटतात मले विचारा, मग मल्टिइफेक्ट सांगा. रेडिओवाले काका, बायपासमध्येही घूं आहे. बॅटरीवर तर एलईडीच लागत नाही, आणि बॅटरी नवीन आहे. पेंट करून आणला तवापासून हे सुरू झालं.

निवृत्त_रेडिओवाला
पेंट! अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं न. आतूनही बसलाय का?

झाडीचा_गिटारवाला
हो जी. गेट-ग्रिलवाल्याकडे पावडर कोटिंग, काळं, आतबाहेर. लेझर उठून दिसावा म्हणून. त्याचा काय संबंध?

निवृत्त_रेडिओवाला
सगळा संबंध तोच. तुमच्या इनपुट जॅकला (गिटारची पिन जाते तो) ग्राउंडची, म्हणजे करंट परतायची, वेगळी वायर नसणार, उघडून पाहा. जॅकचा नट डब्याला चिकटायचा, डबा आउटपुट जॅकला, आणि ॲल्युमिनियममधूनच ग्राउंड पोचायचं. पावडर कोटिंग म्हणजे भाजलेलं प्लॅस्टिक, त्यातून करंट जात नाही. अ‍ॅडाप्टरचं ग्राउंड थेट बोर्डावर येतं म्हणून एलईडी लागते, पण गिटारचं ग्राउंड लटकलंय, म्हणून घूं. इनपुटचा जॅक स्टिरिओ असतो, बॅटरीची निगेटिव्ह त्याच्या मधल्या पट्टीवर असते. प्लग घातला की ती जॅकच्या ग्राउंडला भिडते, आणि ते ग्राउंड बोर्डापर्यंत पोचतच नाही. म्हणून बॅटरीवर सगळं ठप्प.
दोन्ही जॅकच्या ग्राउंडमध्ये एक वायर टाका. शिवाय एका जॅकच्या भोकाभोवती आतून वॉशरएवढा रंग खरवडा. डब्याला ग्राउंड मिळालं नाही तर तो बाहेरचा गोंगाट अडवणार नाही.

सोल्डरसम्राट
तरी आयसी पाहून घे. ८ नंबरच्या पिनेवर ९ व्होल्टच्या आसपास, १ आणि ७ वर साडेचार व्होल्ट यायला पाहिजे.

जुना_नाटकवेडा
नाटकात डिस्टॉर्शन कशाला पाहिजे जी? पेटी-तबल्यावर रात्रभर लोक हलत नव्हते.

झाडीचा_गिटारवाला
खलनायकाच्या एन्ट्रीला पाहिजे. लेझरचं सांगा न कोणी.

बाकी_सब_ठीक
ट्रॉफी, ॲक्रिलिकवाल्यांकडे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझरची मशीन असते. ती ॲल्युमिनियमवर चालत नाही, किरण परततो. फायबर लेझरची मशीनच लागेल, नागपूरला जा.

ट्रॉफीवाला_चंद्रपूर
कोऱ्या ॲल्युमिनियमवर चालत नाही, हे खरं. पण याचा डबा रंगवलेला आहे. सीओटूनं रंग जळून निघतो आणि खालून चांदीसारखी अक्षरं निघतात. नागपूरची गरजच नाही. धातूतच खोल कोरायचं असेल तर मात्र फायबर, तिचा किरण १०६४ नॅनोमीटरचा.

बाकी_सब_ठीक
कडेला पिवळा डाग येतो. मी पाहिलं आहे.

ट्रॉफीवाला_चंद्रपूर
पॉवर जास्त मारली की येतो. कमी पॉवरवर दोनदा फिरवायचं, मग स्पिरिटनं पुसायचं. आधी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चाचणी घ्या.
गिटारवाले, दोन गोष्टी. बोर्ड, स्विच, जॅक सगळं काढून रिकामा डबा द्या, नाहीतर धूर आणि राख आत बसते. आणि नाव टाइप करून पाठवू नका. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं आणि रफार फुटतात. कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र बनवून फाइल द्या. 'गुरगुर'मध्ये उकार आहेत, ते अक्षरापासून सुटून बाजूला जातात.

धान_आणि_धून
मग डब्यावर आधी स्टिकर चिकटवून त्यावर लेझर मारला तर?

ट्रॉफीवाला_चंद्रपूर
व्हिनाइलचा असेल तर अजिबात नको. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ती जळली की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. माणसाला वाईट, मशीनला गंज.

झाडीचा_गिटारवाला
काका, वायर टाकली, नटाखालचा रंग खरवडला. घूं बंद! बॅटरीवरही एलईडी लागली. आता कर्व्ह करून देणारा पाहतो.

सोल्डरसम्राट
आयसी बदलली का?

नवी_वहिनी_गोंदिया
माफ करा, मधेच विचारते. पुतणीच्या लग्नात द्यायच्या स्टीलच्या गंजावर (पातेल्यावर) नाव होईल का लेझरनं?

ट्रॉफीवाला_चंद्रपूर
फायबरवर होईल ताई, पण गंज गोल आहे, फिरवायला रोटरी लागते. ती असलेलं दुकान शोधा. गंजाचा व्यास किती?