कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन'मध्ये गाडी पाण्यात का उभी आहे?

नदीकाठ:
लंडनला मुलीकडे गेले होते तेव्हा नॅशनल गॅलरीत इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी) हे चित्र बघितलं आणि अर्धा तास तिथून हललेच नाही. फोटोत कितीदा पाहिलं होतं, पण प्रत्यक्षात ते सहा फूट रुंद आहे, ते ढग अक्षरशः डोक्यावर आल्यासारखे वाटतात. एक मात्र कळेना, गाडी नदीच्या मधोमध का थांबलीये? रिकामी आहे, घोडेही निवांत. रुतलीये का?

मळेवाला:
ताई, रुतलेली नाही. एक कारण सांगतात ते मला तरी लगेच पटलं, कारण आमच्याकडे बैलगाडी होती. लाकडी चाकावर लोखंडी धाव असते ना, उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की ती सैल होऊन खडखडायला लागते, मग आजोबा गाडी ओढ्यात उभी करायचे, लाकूड पाणी पिऊन फुगलं की धाव परत घट्ट. आणि चित्राचं मूळ नावच 'लँडस्केप : नून', म्हणजे ऐन दुपार, घोड्यांचे पायही गार होतात. उजवीकडे लांब कुरणात बघा, गवत कापणारी माणसं ठिपक्याएवढी दिसतील, तिथे एक गाडी भरलेली आहे. ही रिकामी तिकडेच निघालीये.

रंगरेषा:
मळेवाला, धावेचं मस्त सांगितलंत! ही जागा पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं फ्लॅटफर्ड, स्टूर नदी. तिथली गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची, आणि डावीकडचं घर विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं, ते अजून उभं आहे. म्हणजे हे कॉन्स्टेबलचं लहानपणच आहे, पण रंगवलं लंडनच्या स्टुडिओत बसून, जुन्या स्केचेसवरून. आधी त्याने याच मापाचं एक अख्खं ऑइल स्केच (तैलरंगातलं कच्चं चित्र) केलं, ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात अलीकडच्या काठावर एक घोडेस्वार आहे, शेवटच्या चित्रात तो गेला आणि कुत्रा एकटाच उरला. माझ्या मते ही शांतता त्या काढून टाकण्यातून आलीये. अजून एक, घोड्यांच्या साजावरचे लाल ठिपके बोटाने झाकून बघा, सगळा हिरवा रंग एकदम मरगळतो. १८२१ ला रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे चित्र विकलंच गेलं नाही, १८२४ ला पॅरिसच्या सलॉन या प्रदर्शनात मात्र सुवर्णपदक!

पावसाळी:
चित्र मलाही खूप आवडतं, पण त्या काळचं खेडं इतकं शांत नव्हतं हो. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर धान्याचे भाव पडले, मजुरांना काम मिळेना, १८१६ आणि १८२२ ला त्याच पूर्व इंग्लंडमध्ये दंगे झाले, मळणीयंत्रं फोडली. त्यातलं काहीच इथे दिसत नाही हे मला खटकतं.

नदीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता मोबाइलवर झूम करून बघितलं तर घराशेजारी एक बाई पाण्यापाशी वाकलेली दिसली, ती मला तिथे उभं असताना दिसलीच नव्हती. पावसाळी, तुमचं म्हणणं पटतंय, तरी बघताना मला बरं वाटलं हेही खरंय. पुढच्या खेपेला आधी ते स्केच बघणार आणि मग हे.