मदत हवी आहे: वाईच्या कृष्णाबाई उत्सवाची आकसलेली ८ मिमी फिल्म

नमस्कार मंडळी. वाईच्या कृष्णाबाई उत्सवाची ८ मिमीची ३ रिळं स्कॅन करायची आहेत. प्रत्येकी ५० फूट, म्हणजे जेमतेम ४ मिनिटं. दोन ठीक आहेत. तिसऱ्याचा डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, कडाही नागमोडी झाल्यात. अ‍ॅसिटेट (फिल्मच्या पट्टीचं प्लास्टिक) विघटित झालं की फिल्म आकसते, छिद्रांमधलं अंतर घटतं आणि प्रोजेक्टरचे दाते ती फाडतात. म्हणून ‘एकदा लावून बघा’ हा सल्ला कृपया नको. आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते, त्यामुळे तिसरं रीळ वेगळं ठेवलंय. दाते नसलेल्या, रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरवर असं रीळ करून देणारं पुण्या-मुंबईत कोणी आहे का? प्रत्येक फ्रेमचं स्वतंत्र चित्र हवं. घाटावरचे चेहरे ओळखणारी मंडळी आता ऐंशीच्या पुढची आहेत, तेव्हा लवकर कळवा.