संक्रांतीच्या कार्यक्रमातली श्रद्धांजली : २०२२

नमस्कार मंडळी,
तिळगूळ वाटण्याआधी पाच मिनिटं २०२२ मध्ये गेलेल्यांसाठी ठेवली आहेत. पडद्यावर फोटो, मागे लताबाईंचा आवाज. आत्तापर्यंतची नावं : लता मंगेशकर, रमेश देव, विक्रम गोखले, प्रदीप पटवर्धन. कुणी राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.
– सचिव

सचिवताई,
यादी सगळी सिनेमा-मालिकांच्या भोवतीचीच झाली की! नुसता जानेवारी घ्या. ४ तारखेला सिंधुताई सपकाळ, १७ला एन. डी. पाटील, २२ला कीर्ती शिलेदार, २७ला अनिल अवचट. एका महिन्यात चौघं गेली आणि आपल्या यादीत त्यातलं एकही नाही.

एनडी कोण, हे आपल्या पोरांना ठाऊक नसणार. कोल्हापूरकडच्यांना विचारा. १९७८च्या सरकारात सहकारमंत्री होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते ऐंशी ओलांडल्यावरही टोलविरोधी मोर्चात पुढे चालणारे. अवचट डॉक्टर, पण रमले हमाल आणि विडी कामगारांत. पुढे पत्नी सुनंदाताईंबरोबर १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं केलं, व्यसन सोडवायला. त्याला पैशाचा हात पुलंनी दिला होता.

कीर्तीताईंना मात्र फोटोवर भागवू नका. जयराम-जयमाला शिलेदारांची ही लेक. संगीत नाटक संपलं असं जो तो म्हणत असताना ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’ करत राहिली. २०१८ साली मुलुंडला ९८वं नाट्यसंमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष त्याच. गद्यातून पदात शिरताना सूर कसा उचलायचा, ते फोटोत कसं दिसणार? एक नाट्यपद आपल्यातल्याच कुणीतरी समोर बसून म्हणावं.

आणि हो, लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण! पद्मश्री २०२२चीच, आणि १० डिसेंबरला गेल्या.
– ठाणेकर काका

काका,
चौघांची नावं घातली. सुलोचनाबाईंचं मात्र कार्यकारिणीत एकाचं म्हणणं पडलं, की श्रद्धांजलीत लावणी बरी दिसेल का?
– सचिव

सचिवताई, मध्येच बोलते. बाई अंगभर पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि नुसत्या गळ्यावर लावणी उभी करायच्या. लावणीसम्राज्ञी हे नाव आचार्य अत्र्यांनी दिलेलं. बरं न दिसण्यासारखं त्यात काय आहे? ज्यांना खटकेल त्यांनी तेवढा वेळ चहा घ्यावा.
नाट्यपद मी म्हणते, काळी चारच्या पट्टीत. तबलजी घरचाच आहे. पाच मिनिटांची दहा करा, नाहीतर लताबाईंचं रेकॉर्डिंग वगळा, तो आवाज सगळ्यांच्या गाडीत वर्षभर असतोच.
– गाण्याच्या वर्गाच्या ताई

दहा मिनिटं मंजूर. लताबाई वगळल्या तर मला हॉलबाहेर काढतील, त्यामुळे एक कडवं राहील. लावणीही राहील. पेटी मंडळाच्या कपाटात आहे, पण भात्यातून हवा जाते. चांगली पेटी कोण आणतंय?
– सचिव