‘चेंज द व्हॉइस’ घोकून इंग्रजी येतं का?

कृष्णाकाठ (सांगली): दहावीच्या पोरांचा तास वाक्यं उलटीपालटी करण्यात जातो. ॲक्टिव्ह ‘राम ईट्स अ मँगो’चं पॅसिव्ह ‘अ मँगो इज ईटन बाय राम’. असं बोलतं कोण? कर्ता माहीत नसला, महत्त्वाचा नसला किंवा मुद्दाम झाकायचा असला की पॅसिव्ह वापरतात. मग शेपटाला ‘बाय राम’ कशाला? कुपवाड एमआयडीसीत लागलेल्या पोराला मेल लिहायची असते, ‘वी गॉट द मशीन रिपेअर्ड’. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेतली, एवढंच सांगायचंय. ते सोडून तो लिहितो ‘वी रिपेअर्ड द मशीन’, म्हणजे पाना यांच्याच हातात! माझं मत, आधी ‘करून घेणं’ सांगणारे ‘हॅव’ आणि ‘गेट’ शिकवा. उलटापालट नंतर, किंवा नाहीच.

पोवईनाका (सातारा): क्लास घेतो म्हणून बोलतो. ‘गॉट रिपेअर्ड’मधलं ‘रिपेअर्ड’ म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. ब्रोकन, रिटन, टेकन तोंडात बसतात ती याच घोकंपट्टीनं. ती काढली की पोरं ‘गॉट द लेटर रोट’ लिहिणार. स्पर्धा परीक्षांत व्हॉइस विचारतात, ते वेगळंच.

हळदवाला: सर, घोकूनसुद्धा ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ लिहितातच की. अकर्मक क्रियापदाला पॅसिव्ह नसतो हे कोण सांगणार?

मिरजकर: खरा घोळ मराठीच्या तासाला होतो. ‘मी पोळी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पोळीप्रमाणे चालतं. बरोबर. पण इंग्रजीच्या तासाला कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं सांगून मोकळे होतात. ‘आय एट अ चपाती’ तर चक्क ॲक्टिव्ह! पोरगं गोंधळणार नाही तर काय? त्यापेक्षा नगरपालिकेची नोटीस वाचायला द्या. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ कोण ठेवणार ते नाही. हा पॅसिव्हचा खरा भाऊ. कर्ता गायब कसा करतात हे आपल्या सरकारी मराठीइतकं कोणाला जमतं!

कृष्णाकाठ, तुमचं ‘पाना यांच्याच हातात’ मात्र मला पटलं नाही. ‘शहाजहाननं ताजमहाल बांधला’ हे इंग्रजीतही सरळ ‘बिल्ट’नंच सांगतात. त्यानं विटा रचल्या असं कोणी समजत नाही.

कृष्णाकाठ: बादशहाचं चालतं हो. कारखान्याच्या मेलमध्ये ‘वी रिपेअर्ड’ वाचून गिऱ्हाईक विचारतं, तुमच्याकडे मेकॅनिक आहे का?

पोवईनाका: ‘हॅव’, ‘गेट’चं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, ‘मेक’चं काय करणार? मालकानं हमालांना पोती मोजायला लावली: ‘ही मेड देम काउंट द बॅग्ज’. इथं ‘टू’ नाही. पॅसिव्ह केलं की ‘दे वर मेड टू काउंट’, ‘टू’ परत हजर. आणि ‘ही हॅड देम काउंट’चं असं पॅसिव्ह होतच नाही. उलटापालट न करता हे कसं समजावणार, सांगा.

हळदवाला: तीच चार वाक्यं फळ्यावर लिहून. रामाचा आंबा लागत नाही त्याला.

पोवईनाका: चार वाक्यांत साठ पोरांचा वर्ग शिकतो? एक तास येऊन घ्या.