इंदूरचा आवाज जपायचा की आधी गोंगाट कमी करायचा?

रामबागवाला:
काल सकाळी कचरागाडीच्या गाण्याने जाग आली आणि डोक्यात आलं, पुतण्याला इंदूरचा आवाज कुठला विचारलं तर तो हेच गाणं सांगेल, आजोबांनी मात्र हुकुमचंद कापड मिलचा भोंगा सांगितला असता. मिल 1991 ला बंद पडली, भोंग्याचं रेकॉर्डिंग माझ्या ओळखीत एकाकडेही नाही. एबी रोडवर 2013 पासून धावणारी आयबसची, म्हणजे शहर बसची राखीव लेन गेली, 2025 च्या मेमध्ये सुपर कॉरिडॉर रस्त्याला मेट्रो आली, म्हणजे शहराचे आवाज बदलत चाललेत. सराफ्यात रात्री सोनारांची शटरं खाली पडतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात, ती दहा मिनिटं कुणी नीट टिपून ठेवलीयत का? शहराने एखाद्या ध्वनिकलाकाराला, म्हणजे आवाजांतून कला घडवणाऱ्याला, वर्षभर हे काम द्यावं आणि राजवाड्यासमोर सगळ्यांना ऐकवावं असं मला मनापासून वाटतं.

शांतता हवी:
साफ विरोध. घर मोठ्या रस्त्यावर आहे, आईला बीपी आहे, रात्री राहत्या वस्तीत 45 डेसिबलची मर्यादा कायद्यात लिहिलीय आणि वरातीचा डीजे खिडकीची काच हलवतो. ज्या शहरात झोप मिळत नाही तिथे आवाजाची कला कसली, तो पैसा डीजे थांबवायला लावा.

टेपवाला:
दादा, ही कला तुमच्याच त्रासातून निघालीय. कॅनडात संगीतकार मरे शेफर यांनी वाढत्या गोंगाटाला वैतागूनच व्हँकुव्हरचे आवाज नोंदवायला घेतले, 1973 ला त्याच्या रेकॉर्डही निघाल्या. जागेची खूण असलेल्या आवाजाला ते साउंडमार्क म्हणायचे. आणि मॅक्स न्यूहाउस या ध्वनिकलाकाराने 1977 ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फुटपाथच्या जाळीखाली एक घुमणारा आवाज बसवला, पाटी नाही काही नाही, चालणाऱ्याचं लक्ष गेलं तर गेलं. कान उघडायला भोंगे लावावे लागत नाहीत. अर्थात भोंग्यांचंही झालंय, 1922 ला अझरबैजानमधल्या बाकूमध्ये संगीतकार आव्रामोवने कारखान्यांचे भोंगे, जहाजं आणि तोफा घेऊन अख्खं शहर वाजवलं होतं.

मिलवाल्याची मुलगी:
बाकूचं वाचून अंगावर काटा आला, पण कौतुकाने नाही. माझे बाबा एका मिलमध्ये होते, नाव नको. भोंगा झाला की आई अर्धी पोळी तव्यावर ठेवून डबा बांधायची, उशीर झाला तर पगार कापायचे. रात्रभर बाबांचा खोकला, आमच्या घरचा आवाज तो होता. रामबागवाले काका, तुम्ही त्या भोंग्याला शहराची ओळख म्हणता, तेव्हा आतली माणसं कुठे जातात? अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, त्या बघायला गर्दी होते, बनवणाऱ्या म्हाताऱ्यांशी कोण बोलतं?

रामबागवाला:
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. आजोबा मिलमध्ये नव्हते, त्यांनी भोंगा लांबून ऐकला. पण म्हणूनच आता करायला हवं ना, ती माणसं आहेत तोवर?

मिलवाल्याची मुलगी:
आई 80 च्या पुढे आहे, भोंगा तोंडाने हुबेहूब काढून दाखवते. रेकॉर्ड करायचं तर या, पण भोंगा घेऊन लगेच उठायचं नाही, तिचं सगळं बोलणं ऐकायचं, खोकल्याचंही.

शांतता हवी:
काकूंचं जरूर करा. पण ऐकवायचं तर हेडफोनवर, लायब्ररीत. राजवाड्यावर स्पीकर लावलात तर पहिली तक्रार माझी असेल, आत्ताच सांगून ठेवतो.